दिव्याच्या डावीकडचं

११ जानेवारी

धाकटे,

फोन केला की तू रडतेस आणि मी ओरडते, त्यात मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र. तुमच्या कंपनीच्या मदतकक्षाला मेलही करून झाली. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे’ असं उत्तर आलं. मोलाची म्हणून तिजोरीत ठेवली असावी, कारण त्यानंतर ती कोणी बाहेर काढल्याचं दिसत नाही.

झालं ते पहिल्यापासून लिहिते. तुला त्याची गरज नाही, पण पाकीट चिकटवण्याआधी तुझे मोठे दीर हे वाचणार, आणि त्यांना ब्लेड म्हटलं की फक्त दाढी आठवते.

आमच्या हॉस्पिटलच्या मशीनरूममध्ये तुमच्या कंपनीची पेटी आहे. तिच्यात ब्लेडं, म्हणजे चपटे कॉम्प्युटर, फडताळातल्या पुस्तकांसारखे उभे बसवलेले. काही एकेरी जाडीचे, काही दुहेरी, त्यामुळे डावीकडून मोजत गेलं की हमखास चुकतं. नंबर छापलेत, पण मुठीच्या खालच्या अंगाला. म्हणजे ब्लेड उपटून हातात घेतलं की मग वाचता येतात. ज्याने ही जागा निवडली त्याचा सत्कार व्हायला हवा, शक्यतो बंद खोलीत. म्हणून मग दिवा. पडद्यावर ‘सातवं दाखव’ म्हटलं की सातव्यावर निळा दिवा लुकलुकायला हवा. तुमचा लुकलुकायचा आठव्यावर. पडद्यामागचा प्रोग्रॅम एकापासून मोजतो, दिव्यामागचा शून्यापासून, आणि दोघांची बोलाचाली नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुझ्याच हातच्या पुस्तिकेत, ‘ज्ञात अडचणी व पर्यायी उपाय’ या भागात, क्रमांक चौदा: ‘ओळखदिवा काही वेळा उजवीकडील शेजारच्या ब्लेडवर लागतो. पर्यायी उपाय: दिव्याच्या डावीकडचे ब्लेड काढावे.’ काही वेळा म्हणजे दर वेळी. तरी आम्ही मुकाट्याने शिकलो. आमच्याकडे नवा माणूस लागला की त्याला आधी पाणी कुठे मिळतं ते दाखवतात आणि मग सांगतात, दिव्याच्या डावीकडचं.

डिसेंबरात तुम्ही नवं फर्मवेअर पाठवलंत. (अहो, फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम. झालं समाधान? वाचा पुढे.) सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: पंखे विनाकारण ओरडत, ते आता ओरडणार नाहीत. मी बसवलं. पंखे गप्प झाले. मी कंपनीला दुवा दिला, हे आठवलं की आता माझीच मला लाज वाटते.

गेल्या मंगळवारी सातवं ब्लेड मेलं. सहावं आणि सातवं ही जोडी प्रयोगशाळेचे रिपोर्ट चालवते. एक पडलं तर दुसऱ्याने ओझं उचलायचं. सहावं बिचारं एकटं उचलत होतं. मी सातव्याचा दिवा मागितला, दिवा लागला, आणि इतकी वर्षं करते तेच केलं. ओढलं आणि मुठीखालचा नंबर पाहिला. सहा.

दिवा सातव्यावरच होता. तुमच्या कंपनीचा दिवा जन्मात पहिल्यांदा खरं बोलला आणि मी बुडाले.

‘बिघाडाचा तांबडा दिवा बघायचा होता,’ असं आमचे प्रशासक म्हणतात. तो सगळ्याच ब्लेडांवर कायम जळतो. क्रमांक नऊ. पर्यायी उपाय: दुर्लक्ष करावे.

सहावं परत बसवलं, पण पेटीला ते ओळखायला दुपार झाली. तोवर एकाही डॉक्टरच्या पडद्यावर रक्ताचा रिपोर्ट नाही. सर्जननी टेबलावर घेतलेला पेशंट परत वॉर्डात पाठवला आणि माझ्या नावाने जिना दणाणून सोडला. पेशंट बरा आहे. माझं तसं नाही. प्रशासकांनी माझा पास काढून घेतला, मशीनरूमला कुलूप लावलं आणि ‘हलगर्जीपणा’ असा आरोप ठेवून चौकशी समिती नेमली. आरोप शाबीत झाला की मला भांडारात पाठवणार, चादरी सांभाळायला. ज्या खोलीतली पहिली वायर मी ओढली, तिच्या दारावरून मी चादरींची गाडी ढकलत जायची.

मला तुझ्याकडून एक कागद हवा, कंपनीच्या शिक्क्याचा. ‘डिसेंबरच्या फर्मवेअरमध्ये आम्ही दिवा सरळ केला आणि कोणालाही सांगितलं नाही.’ बस, एवढं वाक्य. दिवसभर वाक्यंच तर लिहितेस.

तुझी थोरली जाऊ


१९ जानेवारी

वहिनी,

आपलं पत्र पोचलं. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटलं.

सध्याच्या फर्मवेअरमध्ये ओळखदिवा अपेक्षेप्रमाणे लागतो. कोणतंही ब्लेड काढण्याआधी त्याची ओळख दोन स्वतंत्र मार्गांनी पटवून घ्यावी, अशी सूचना पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर आहेच. आपण मागितलेलं पत्र देण्याचा अधिकार लेखन विभागाला नाही. तशी विनंती मदतकक्षामार्फत आल्यास तिचा योग्य तो विचार होऊ शकेल.

घरी सगळे ठीक. सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे. थोरलीने हॉस्पिटलात काय उपटलं, असं विचारत होत्या. मी म्हटलं, ब्लेड. त्या म्हणाल्या, ‘दाढीचं?’

तब्येतीची काळजी घ्यावी.

आपली,
धाकटी


२४ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं. नक्की तुझंच ना? अक्षर तुझं होतं, पण आवाज मदतकक्षाच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणाऱ्या बाईचा. सासूबाईंचं वाक्य वाचलं तेव्हा कुठे पटलं की पाकीट आपल्याच घरातून आलंय.

दिवा ‘अपेक्षेप्रमाणे’ लागतो. कोणाच्या अपेक्षेप्रमाणे गं? आमची अपेक्षा तुम्हीच वाकडी करून ठेवलीत आणि मग गुपचूप दिवा सरळ केलात. आणि ते दोन स्वतंत्र मार्ग! एक दिवा. दुसरा मुठीखालचा नंबर, जो ब्लेड काढल्यावर दिसतो. म्हणजे काढण्याआधी काढून बघायचं. हे वाक्य तुमच्याकडे पगार घेऊन लिहितात की कोणी हौसेने?

पुढचं ऐक. जुनी पुस्तिका मशीनरूममध्ये, मशीनरूमला कुलूप. तुमच्या वेबसाइटवर जुनी आवृत्ती नाही, काढून टाकलीत. मला काय कल्पना? मी प्रशासकांना छाती पुढे काढून सांगितलं, ‘कंपनीची पुस्तिका उघडा, ज्ञात अडचण क्रमांक चौदा, मोठ्याने वाचा.’ त्यांनी नवी पुस्तिका उघडली. मोठ्याने वाचलं: ‘पेटीचे दार लावताना कुरकुरते. पर्यायी उपाय: हळू लावावे.’ तुम्ही दिव्याची ओळ काढलीत आणि खालच्या सगळ्यांना एकेक पायरी बढती दिलीत. दार कुरकुरलं म्हणून मी प्रयोगशाळा बंद पाडली, असं आता सबंध मजला समजून चालतो. लिफ्टमध्ये एक नर्स मला म्हणाली, ‘तेल घालून बघा.’

माणूस चुकला की हलगर्जीपणा आणि यंत्र चुकलं की ज्ञात अडचण. मलाही कोणीतरी ज्ञात अडचण म्हणून छापा की! ‘थोरली फटकळ आहे. पर्यायी उपाय: समोर येऊ नये.’ निदान चादरी तरी टळतील.

या घरात आलीस तेव्हापासून बघते. दोन माणसं भांडली की तू आळीपाळीने दोघांकडे बघून मान डोलावतेस, टेबलफॅनसारखी. वारा सगळ्यांना, बाजू कोणाचीच नाही. या खेपेला ते चालणार नाही. सरळ सांग. चौदा नंबर तू खोडलास का?

थोरली


३१ जानेवारी

वहिनी,

हे पत्र भाऊजींना दाखवू नका. वाचून झालं की फाडा. मागचं पत्र ऑफिसात बसून लिहिलं होतं आणि शेजारी माणूस उभा होता. हे स्वयंपाकघरात बसून लिहितेय. इथे फक्त सासूबाई आहेत आणि त्यांचा चष्मा सापडत नाहीये.

मी खोडलं नाही. मी उलट एक ओळ वाढवली होती: ‘ओळखदिवा दुरुस्त केला आहे. यापुढे डावीकडचे ब्लेड काढू नये.’ आमच्या विभागाच्या साहेबांना आम्ही गाळणी म्हणतो. आम्ही लिहितो, ते गाळतात, आणि जे निसटतं ते ग्राहकांपर्यंत पोचतं. दर तिमाहीत ज्ञात अडचणींची संख्या खाली आली पाहिजे असा वरून हुकूम आहे. अडचण सोडवायला इंजिनिअर लागतात. अडचण कमी करायला पेन पुरतं.

‘हे काय?’ त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं.

‘दुरुस्ती, सर. दिव्याची.’

‘झाली ना दुरुस्ती?’

‘झाली.’

‘मग अडचण उरली का?’

‘नाही. पण लोकांना सांगायला हवं. ते अजून डावीकडचंच काढतील.’

‘का काढतील? दिवा बरोबर लागतोय.’

‘आपणच त्यांना शिकवलंय, सर.’

‘हे बघा बाई, दुरुस्त झालं असं छापलं की आधी बिघडलेलं होतं हे कळतं.’

‘ते तर आपण इतकी वर्षं छापतोच आहोत.’

‘तेव्हा ती ज्ञात अडचण होती. बिघाड नव्हता.’

आणि त्यांनी ओळ गाळली. मुलाच्या गालावरचं शीत पुसावं, इतक्या प्रेमाने गाळली.

तुमच्यासारखं आणखी कोणी ओढलं का, ते मी मदतकक्षात विचारून पाहिलं. त्यांच्याकडे तक्रारी टाकायला ‘ग्राहकाची चूक’ नावाचं एक खोकं आहे. ते डिसेंबरपासून उतू चाललंय. खोकं मोठं मागवलंय, असं मला अभिमानाने सांगितलं.

शिक्क्याचं पत्र मी देऊ शकत नाही. बिनशिक्क्याचं दिलं तर तुमची समिती विचारेल, ही तुमची कोण? आणि मग सगळंच संपलं. टेबलफॅन म्हणालात ते लागलं. पण मान डोलावणाऱ्याला दोन्हीकडचं ऐकू येतं, एवढं लक्षात असू द्या. थोडं थांबा.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

थांब म्हणालीस, थांबले. फाड म्हणालीस, फाडलं. तुझ्या मोठ्या दिरांनी डब्यातून तुकडे काढून जुळवले आणि वाचले. ते गाळणीवर बेहद्द खूष आहेत. आता मी काहीही बोलले की ‘हे गाळा’ म्हणतात.

समितीची तऱ्हा सांगते. अध्यक्ष त्वचारोगतज्ज्ञ. कॉम्प्युटरच्या चौकशीला त्वचारोगतज्ज्ञ का, तर त्यांना दुपारी वेळ असतो. उरलेले दोघे अध्यक्षांच्या मानेकडे बघत बसतात. ती हलली की आपली हलवतात. मी म्हटलं, मशीनरूम उघडा. तिथे शेजारीच याच कंपनीची दुसरी पेटी जादा म्हणून ठेवलीय, तिला नवं फर्मवेअर घातलेलंच नाही. दोन्हींत सातव्याचा दिवा लावून दाखवते, पाच मिनिटांचं काम. प्रशासक म्हणाले, ‘आरोपीने पुरावा दाखवायचा नसतो, बाई. आरोपीने उत्तरं द्यायची असतात.’

‘मग तुम्ही दाखवा,’ मी म्हटलं.

‘मला त्यातलं काय कळतं?’

‘तेच तर म्हणतेय.’

हे कामकाजात लिहून घेतलं नाही. त्वचारोगतज्ज्ञ मात्र नाकावर रुमाल धरून कुठेतरी दुसरीकडे बघत होते. हसले की शिंकले, कळायला मार्ग नाही.

ठरलं असं की कंपनीचा तज्ज्ञ बोलवायचा आणि तो सांगेल ते खरं. वीस तारखेला सुनावणी. म्हणजे चोरी कोणी केली हे चोराच्या भावाला विचारायचं. तू एवढंच कर, कोण येणार ते शोधून काढ. असेल एखादा गुळगुळीत बोलणारा, बूट असे की त्यात तोंड दिसावं. मला नाव आणि तो कशाला घाबरतो एवढं कळलं तरी पुरे, पुढचं मी बघते. उलट टपाली लिही.

थोरली


२० फेब्रुवारी, संध्याकाळ

आदरणीय तज्ज्ञबाईंना,

आपल्यासारख्या मोठ्या व्यक्तीला पत्र लिहिण्याचं धाडस करते आहे, राग नसावा.

माझ्या पत्राला उलट टपाली उत्तर का आलं नाही, ते आज कळलं. जिला नाव शोधायला सांगितलं, तिचंच नाव होतं ते. आपण आलात, काखेत फाइल, गळ्यात कंपनीचा पट्टा. सगळ्यांना मिळून एक नमस्कार केलात, त्यात माझा वाटा किती होता कोण जाणे. माझ्याकडे आपण असं पाहिलंत, जसं वेटिंगरूममधल्या कुंडीकडे बघावं.

अध्यक्षांनी विचारलं, ‘ज्या ब्लेडचा दिवा मागितला, त्याच ब्लेडवर लागतो का?’

आपण म्हणालात, ‘हो.’

‘नक्की?’

‘नक्की.’

काय तो आवाज! लोण्यासारखा. मी उठले, खुर्ची पडली, मी ती उचलली नाही. आपला साहेब आपल्या शेजारी बसला होता, त्याचं समाधान बघवत नव्हतं. आपल्याला बढती मिळो, मोठी खोली मिळो. मी चादरींच्या भांडारात असेन. आपल्या घरी कधी कोणी आजारी पडलं तर सांगावं, स्वच्छ चादर बाजूला काढून ठेवीन. माझ्या कामात हलगर्जीपणा नसतो.

आणि हो, यापुढे आमच्याकडे येणं झालंच तर बाहेरच्या खोलीत बसावं. पाहुण्यांना आम्ही तिथेच बसवतो.

आपली नम्र,
एक ग्राहक


२६ फेब्रुवारी

वहिनी,

माझं वाक्य संपलं नव्हतं.

दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत तुम्हाला बसवत नाही, ही आपल्या घरातली ज्ञात अडचण आहे. तिच्यावरचा पर्यायी उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

तुम्ही खुर्ची पाडून गेलात. अध्यक्ष ‘आभारी आहोत’ म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात मी म्हटलं, ‘नक्की. आता लागतो. डिसेंबरच्या आधी शेजाऱ्यावर लागायचा. तेव्हा डावीकडचं काढा असं आम्ही छापलं होतं. मग दिवा सरळ केला आणि ते कोणालाही सांगितलं नाही.’

गाळणीला ठसका लागला. पाणी दिलं, थांबेना. अध्यक्षांनी डॉक्टरच्या सवयीने त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि मला म्हणाले, ‘तुम्ही बोला.’

प्रशासक म्हणाले, ‘याला पुरावा काय?’

‘मशीनरूम उघडा.’

‘पुरावा आरोपीने...’

‘मी आरोपी नाही. तुम्ही बोलावलेली तज्ज्ञ आहे. मी सांगेन ते खरं, असं ठरलंय ना?’

कुलूप उघडलं. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी होत्या, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. एखादी पेटी आयत्या वेळी शहाण्यासारखी वागली असती तर आपण दोघी गेलो असतो. पण कंपनीने दगा दिला नाही. दोन्हींत सातवं मागितलं. एका पेटीत दिवा सातव्यावर लागला, दुसरीत आठव्यावर. अध्यक्षांनी चष्मा चढवला, वाकले आणि कितीतरी वेळ इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत राहिले.

‘ही जुळी ना?’

‘हो.’

‘मग पुरळ हिला इथे आणि तिला तिथे, असं कसं?’

‘हिला औषध दिलंय.’

‘आणि घरच्यांना कळवलं नाही.’

‘नाही कळवलं.’

ते सरळ उभे राहिले. ‘याला हलगर्जीपणा म्हणतात,’ म्हणाले, आणि बघत होते गाळणीकडे. उरलेल्या दोघांच्या माना हलल्या. वहिनी, तुम्ही त्या माणसाला नुसता पुरळवाला समजलात. तो रुमालाआड हसतच होता.

आधी का सांगितलं नाही? गाळणी गुळगुळीत माणूसच पाठवणार होते. मी जाऊन म्हटलं, ‘सर, चौदा नंबरची भाषा माझी, मीच नीट सांभाळून घेईन.’ त्यांना वाटलं, ही मान डोलावते, हिलाच पाठवू. ऑफिसात मी माहेरचं आडनाव लावते म्हणून तुम्ही एकदा नाक मुरडलं होतंत. त्यामुळेच त्यांना नात्याचा पत्ता लागला नाही. आणि तुम्हाला कळवलं असतं तर ते खोलीत शिरल्याबरोबर तुमच्या चेहऱ्यावर वाचलं गेलं असतं. मी पाहिलेल्या यंत्रांत तुमचा चेहरा एकच असा आहे, ज्यावर चुकीचा दिवा कधी लागत नाही.

निकाल काय लागेल ठाऊक नाही. इकडे माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर उचलून नेलाय. दुरुस्तीला, म्हणाले. चालू होता.

आले तर बाहेरच्या खोलीतच बसेन. तिथला पंखा आतल्यापेक्षा बरा आहे.

धाकटी


७ मार्च

धाकटे,

निकाल लागला. ‘हलगर्जीपणा’ खोडून तिथे ‘समन्वयाचा अभाव’ असं घातलंय. कोणाचा कोणाशी, ते लिहिलेलं नाही. कोणीच दुखावलं जाऊ नये याची काळजी घेतलीय. पास परत मिळाला. मशीनरूम परत मिळाली. प्रशासक दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ‘मला आधीपासूनच खात्री होती.’ मी विचारलं, ‘कशाची?’ अजून विचार करतायत.

एक अट मात्र घातली. यापुढे कोणतंही ब्लेड काढण्याआधी कंपनीची लेखी संमती घ्यायची. ज्यांनी मला खड्ड्यात ढकललं, त्यांना विचारून पाऊल टाकायचं. तीन माणसं महिनाभर बसली तेव्हा कुठे ही अक्कल निघाली. आणि सर्जन अजून माझ्याशी बोलत नाहीत, हा एक अनपेक्षित फायदा.

अध्यक्ष परवा मशीनरूमच्या दारात थांबले होते. तू लिहिलंस ते सगळं त्यांनी मला पुन्हा ऐकवलं, पुरळासकट, हातवारे करून. शेवटी विचारलं, ‘ती बाई तुमच्या ओळखीची आहे का?’ मी म्हटलं, ‘हल्लीच झाली.’

ती खुर्ची मी जाऊन उचलून ठेवली. आतली खोली झाडून घेतलीय.

तुझा कॉम्प्युटर परत आला का? नोकरीचं काय झालं? उगाच हो-नाही करून बोळवण करू नकोस, सगळं लिही. मी शेवटपर्यंत बसलेय.

थोरली


१६ मार्च

वहिनी,

कॉम्प्युटर आला नाही. मीच दुसऱ्या खोलीत गेले.

मला काढलं नाही. काढलं तर मी बाहेर जाऊन बोलेन, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून त्यांनी माझ्यासाठी ‘पूर्वसंमती कक्ष’ काढला. त्या कक्षाची प्रमुख मी, कर्मचारी मी, आणि दार उघडं राहावं म्हणून लावलेली वीटही बहुधा मीच. तुमच्या समितीची अट बघून आणखी काही हॉस्पिटलांनी तशीच मागणी केली. त्यांचे अर्ज येणार, मी तपासून ‘काढावे’ किंवा ‘काढू नये’ लिहिणार. गाळणी म्हणाले, ‘लिहायची आवड आहे ना तुम्हाला? दोनच शब्द आहेत, गाळण्यासारखं काही नाही.’

आता खरी बातमी. पुढच्या आठवड्यात नवं फर्मवेअर येतंय. दिवा परत शेजाऱ्यावर नेलाय.

खरंच. ‘ग्राहकाची चूक’ हे खोकं इतकं भरलं की कोणीतरी ते उघडलं. सगळ्या ग्राहकांना ‘दिवा सरळ झालाय’ असं कळवायचं, तर आधी वाकडा होता हे लिहावं लागलं असतं. त्यापेक्षा पुन्हा वाकडा करणं सोपं पडलं. गाळणींनी मजकूर सांगितला आणि माझ्या जागी आलेल्याने लिहून घेतला: ‘ग्राहकांच्या प्रस्थापित सवयींचा आदर राखून ओळखदिव्याची मांडणी पूर्ववत करण्यात आली आहे.’ हे ज्ञात अडचणींत नाही. ‘नवी वैशिष्ट्ये’ या भागात आहे, पहिल्या क्रमांकावर.

आता काही पेट्यांत दिवा खरा, काहींत खोटा. आणि फर्मवेअर यापुढे न विचारता आपोआप बसणार, त्यामुळे काल खरा होता म्हणून आज खरा, असंही नाही. हे कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय. त्यामुळे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. एवढंच करत जा: आजारी ब्लेड विचारण्याआधी, ज्याचं घर तुम्हाला पक्कं माहीत आहे अशा एखाद्या ब्लेडचा दिवा मागून बघा. दिवा आज कोणत्या बाजूचा आहे ते कळेल. हा उपाय कुठेही छापलेला नाही, म्हणून तो चालतो.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘थोरली आता तुला विचारून काम करणार? मला तारीख सांग, मी बघायला येते.’

धाकटी


४ एप्रिल

प्रति,
पूर्वसंमती कक्ष, म्हणजे तू,

तिसरं ब्लेड आजारी आहे. अजून मेलेलं नाही, पण दर तासाला धाप लागते. त्याचा जोडीदार दुसरं, आणि त्या दोघांवर वॉर्डांतल्या औषधांच्या नोंदी चालतात. चुकीचं ओढलं तर कोणत्या पेशंटला सकाळी काय दिलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा हा अर्ज गंमत म्हणून लिहिलेला नाही.

तू न सांगितलेला उपाय केला. बाराव्याचं घर मला पक्कं माहीत आहे, त्याचा दिवा आधी मागून पाहिला. मग तिसऱ्याचा. मग पुन्हा बाराव्याचा, कारण मधल्या वेळात तुमच्या कंपनीने काही सुधारणा केली असेल तर काय घ्या. काढायचं ब्लेड कोणतं, ते मला आता स्वच्छ कळलंय. नवं ब्लेड खोक्यातून काढून टेबलावर ठेवलंय. प्रशासक रजेवर आहेत. खोलीत दुसरं कोणी नाही. मी ओढलं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता, आणि या घरात सून म्हणून आल्यापासून मी कोणाला विचारून काही केलेलं नाही, हे सासूबाई तुला सविस्तर सांगतील.

मुठीवर हात ठेवला होता. काढून घेतला. एका हाताने लिहिता येत नाही.

समितीची अट तिच्या जागी राहू दे, तिला मी विचारत नाहीये. तुमच्या कंपनीला तर नाहीच नाही. ब्लेडला सांगितलंय, टपाल येईपर्यंत जीव धर.

धाकटे, काढू का?

थोरली